पुढच्या चाकांचा उकंडा मिस्त्री

रस्त्यानं समोरून एखादा जुना ट्रक येताना दिसला, की माझी नजर अजूनही आधी त्याच्या पुढच्या चाकांवर जाते. ड्रायव्हर कोण, माल कसला, कपाळावर काय लिहिलंय, हे सगळं नंतर. चाकं डुलत येताहेत की सरळ, दोघं एका विचारानं चाललीत की एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला निघालंय, हे पाहिल्याशिवाय मला पाऊल उचलवत नाही. बायको विचारते, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होता की ट्रक धूत होता? तिचं काही चुकत नाही. ही खोड मला उकंडा मिस्त्रीनं लावली, अमरावतीच्या वलगाव नाक्यावर, आणि आता ती माझ्याबरोबरच जाईल.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मी अकोल्याचा. वडील वकील, काका वकील, आणि आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी पाना हातात धरला नव्हता. अमरावतीला एका हायस्कुलात नोकरी लागली आणि नाक्याजवळ खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर कडुनिंबाखाली चार खांबांवर टाकलेले पत्रे दिसत. त्याला गॅरेज म्हणायचं ते निव्वळ चांगुलपणानं. पत्र्याखाली ट्रकचं तोंड मावे, धड रस्त्यावर राही. पहिले आठ दिवस मी खिडकीतून पाहत होतो आणि एक गोष्ट मला कळत नव्हती. इतर मिस्त्र्यांकडे बॉनेट उघडून माणसं आत डोकी घालून बसलेली असतात. इथे बॉनेटला कोणी शिवतच नव्हतं. सगळं काम चाललं होतं ते खाली, पुढच्या दोन चाकांच्या मधे.

नवव्या दिवशी राहवेना, म्हणून जाऊन विचारलं. ट्रकखालून एक बुटका, रुंद माणूस सरपटत बाहेर आला. धोतराचा काचा मारलेला, अंगात खाकी सदरा, चष्म्याला सुतळीची दोरी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मी मास्तर आहे हे मी न सांगताच ओळखलं.

"गाडी पायानं चालते मास्तर, पोटानं नाई," तो म्हणाला. "पोट बिघडलं तं गाडी थांबते. पाय बिघडले तं मानूस जाते. मी पायाचा मिस्त्री हावो."

एवढं सांगून तो परत खाली गेला. पुढच्या पाच-सहा वर्षांत इंजिनाला हात लावताना मी त्याला पाहिलं नाही. कोणी गळ घातलीच तर तो पलीकडच्या मिस्त्रीकडे बोट दाखवायचा आणि तिकडे पोटाचा डॉक्टर बसतो म्हणून सांगायचा.

उकंडा, म्हणजे उकिरडा, हे नाव पुण्याच्या माणसाला थट्टेचं वाटेल. आमच्या वऱ्हाडात ते गावोगाव सापडतं. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं या चौथ्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून घेतलं, आणि नाव असं दिलं की यमालाही न्यावंसं वाटू नये. मिस्त्री ही हकीकत मोठ्या अभिमानानं सांगे. घराणं वाढ्यांचं, म्हणजे सुतारांचं, बैलगाड्या घडवणारं. आजा गाड्या करायचा, बाप गाड्या करायचा. लढाईनंतर लिलावातले लष्करी ट्रक इकडे यायला लागले तेव्हा हा तरणाबांड गडी एका ट्रकच्या पुढच्या आसाखाली वाकून बसला, तो तिथून उठलाच नाही. चाक ते चाक, आस तो आस, असं त्याचं म्हणणं. लाकडाच्या जागी लोखंड आलं, एवढाच काय तो फरक.

हाताखाली त्यानं कोणी पोरगा ठेवला नव्हता. हाताखाली म्हणा, वर म्हणा, त्याची बायको अनसूयाबाई होती. नऊवारीचा पदर खोचून ती लोखंडी छिन्नी धरायची आणि मिस्त्री त्या छिन्नीवर घण घालायचा. घण पडताना जो डोळे मिटत नाही त्यानंच छिन्नी धरावी, असा त्याचा नियम होता, आणि साऱ्या नाक्यावर तसं माणूस हे एकच. तिला मिस्त्रीचं कौतुक फारसं नव्हतं. तो काही तत्त्वज्ञान सांगायला लागला की ती म्हणायची, आधी ते बोल्ट आवय घट्ट.

त्याची खरी मौज होती ती रोग ओळखण्यात. ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की मिस्त्री चाकांकडे ढुंकून न पाहता त्याला हात पुढे करायला सांगे. दोन्ही तळवे उजेडात धरून घट्टे पाही. तळव्याच्या एकाच कडेला घट्टा असला तर गाडी एका बाजूला ओढते. बोटांच्या पेरांवर असले तर स्टेअरिंग ढिलं आहे, माणूस सारखा आवळून धरतो. मग दोन पावलं चालायला लावून खांदा पाही आणि कुठल्या बाजूची कमान, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, बसली ते सांगे. मी शाळेत निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष असं फळ्यावर लिहीत होतो आणि इथे माणूस तेच अर्ध्या मिनिटात करून मोकळा होत होता.

एकदा बाजाराला निघालेली एक बाई हे पाहत उभी राहिली आणि ड्रायव्हर हटताच तिनं टोपली खाली ठेवून आपला हात पुढे केला. लेकीचं लगन कधी जुळतं ते पाहा म्हणाली. मिस्त्रीनं हात पाहिला, मान वाकडी करून तिची कंबर पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं की टोपली रोज एकाच कुशीवर घेतेस, उद्यापासून कूस बदल. दोन महिन्यांनी ती बाई लगन जुळल्याचे लाडू घेऊन आली. मिस्त्रीनं ते बिनदिक्कत खाल्ले आणि दोन मलाही दिले.

या माणसाची खरी उंची मला दिसली ती गफूरभाईच्या वेळी.

गफूरभाई नाक्यावरचे ट्रकमालक अण्णासाहेब यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, दाढीचे चार केस, बोलणं हळू. गाडी लढाईतलीच, आणि तीही तितकीच म्हातारी. परतवाड्याहून लाकूड आणायचं, हंगामात कापसाच्या गाठी अकोल्याला न्यायच्या, असं त्यांचं दोघांचं पंधरा वर्षं चाललं होतं. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात गफूरभाईचे हात कापायला लागले. आसेगावच्या पुलाजवळ गाडी मैलाच्या दगडाला घासली. मग एकदा बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, बैलाला अगदी चाटून गेली. नाक्यावर कुजबूज सुरू झाली की बुढा संपला.

अण्णासाहेब माणूस वाईट नव्हता. पण एखाद दिवशी गफूरभाईच्या हातून कोणी चिरडलं जाईल, ही भीती त्यांच्या मनात बसली होती, आणि ती खोटी म्हणता येत नव्हती. त्यांनी परतवाड्याचा एक तरणा ड्रायव्हर पाहून ठेवला. आमच्याकडे रीत अशी, की दसऱ्याला गाडीपुढे नारळ ज्याच्या हातून फुटतो, वर्षभर गाडी त्याच्या हातात. गफूरभाई पंधरा वर्षं नेमानं अण्णासाहेबांच्या गाडीपुढे नारळ फोडत आला होता. या दसऱ्याला नारळ त्या तरण्याच्या हातात जाणार, हे साऱ्या नाक्याला कळलं होतं. आणि ट्रकवरून उतरलेल्या ड्रायव्हरला दुसरा कोणी घेत नाही, हेही साऱ्यांना ठाऊक होतं.

मिस्त्रीला ही गोष्ट पटेना. गफूरभाईचे तळवे त्यानं पाहिले होते. पेरांवर घट्टे, अंगठ्याच्या मुळाशी घट्टे, जिथे व्हायला नकोत तिथे घट्टे. त्यानं एक प्रयोग केला, जो मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. गाडी दोन दिवस उभी होती, तेव्हा गफूरभाईला बोलावून त्याच्या हातात काठोकाठ भरलेली चहाची बशी दिली. बशी स्थिर. थेंब सांडला नाही. चार दिवसांनी गफूरभाई परतवाड्याहून येऊन गाडीवरून उतरला, तसाच त्याला बसवून तीच बशी दिली. अर्धा चहा त्याच्या मांडीवर.

"पाहा मास्तर," मिस्त्री मला म्हणाला. "गाडी थरथरते, अन् ते त्याच्या हातात चढते. लोक उलटं पाहून राहिले."

गफूरभाई ओल्या मांडीकडे पाहत बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते. लोकांनी इतके दिवस सांगून सांगून त्याला स्वतःलाही आपण संपलो असं वाटायला लागलं होतं.

मिस्त्री तडक अण्णासाहेबांकडे गेला. गाडी दसऱ्यापर्यंत माझ्याकडे द्या, पुढचं सगळं नवं करतो, मग कोण कापतं ते पाहा, असं त्यानं सांगितलं. अण्णासाहेबांनी पुष्कळ वेळ विचार केला आणि गाडी दिली. अट एकच, की दसऱ्याच्या आत ती परतवाड्यापलीकडच्या घाटातून उतरवून दाखवायची.

मग सुरू झाले ते दिवस आठवले की अजून अंगात वारं शिरतं. शाळा सुटली की मी घरी न जाता सरळ पत्र्याखाली. ट्रकचं तोंड जॅकवर उचललेलं. मिस्त्रीनं मला चाक वर आणि खाली धरून हलवायला लावलं, तर सबंध चाक दुखऱ्या दातासारखं हललं. स्टेअरिंग पाव वळसा फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही. ट्रकचं पुढचं चाक एका जाड उभ्या खिळ्याभोवती डावी-उजवीकडे वळतं, त्याला किंगपिन म्हणतात. त्या खिळ्याभोवती बुश, म्हणजे पितळी नळ्या. सगळा खेळ तिथे. हे बुश झिजले की चाक मनाला येईल तसं डुलतं आणि ते डुलणं दांड्यांमधून वर चढत ड्रायव्हरच्या हातात येतं.

उजवीकडचा खिळा निघाला. डावीकडचा निघेना. वर्षानुवर्षांच्या गंजानं तो आसाशी एकजीव झाला होता. पहिल्या दिवशी तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी स्टोव्हच्या जाळानं तापवला. अनसूयाबाई छिन्नी धरून उभी, मिस्त्री घण घालतोय, नाक्यावरची माणसं जमलेली, आणि खिळा ढिम्म. गफूरभाई चार पावलांवर उकिडवा बसून ओठ हलवत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घण पडला आणि आवाज बदलला. तो बदललेला आवाज मलासुद्धा कळला. अनसूयाबाई म्हणाली, हालला. आणखी चार घाव, आणि खिळा खणकन खाली पडला. मी शाळामास्तर आहे हे विसरून मी चक्क उडी मारली. मिस्त्रीनं तो खिळा पुसून माझ्या हातात दिला आणि नख फिरवायला सांगितलं. जो गोल असायला हवा तो मधे खाल्लेला होता, नख पायरीसारखं अडकत होतं. पंधरा वर्षं गफूरभाई ती पायरी हातानं सांभाळत होता.

बुश कातायला अमरावतीत लेथ नव्हते असं नाही. पण मिस्त्रीचा विश्वास अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या लेथवर, आणि मी शनिवारी घरी जातच होतो. तेव्हा मापासाठी नवे खिळे आणि पितळेचे ठोकळे माझ्या पिशवीत आले. बडनेऱ्याला आगगाडीत पिशवी वर ठेवताना ती शेजाऱ्याच्या पायावर पडली, तो मूर्तिजापूरपर्यंत बोलला नाही. घरी आईनं कपडे धुवायला पिशवी उपसली तर धोतराला ग्रीस. वडिलांनी चष्मा लावून एक खिळा उचलला आणि विचारलं, हा पुरावा कुठल्या खटल्यातला? मी म्हटलं, एका ड्रायव्हरच्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सोमवारी मला स्टेशनवर पोचवताना पिशवी स्वतः धरली.

नव्या बुशात नवे खिळे मिस्त्रीनं कसे बसवले ते सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. रीमर फिरवून केसभर पितळ काढायचं, खिळा घालून पाहायचा, परत केसभर. अंगठ्यानं दाबल्यावर खिळा तेल लावलेल्या बुशात आपल्या तोऱ्यात, सावकाश उतरला पाहिजे. पटकन उतरला तर ढिला, अडला तर घट्ट. कमानीचे बसलेले पाटे लोहाराकडून तापवून परत वाकवून आणले. स्टेअरिंगच्या डब्यातलं झिजलेलं बदललं, दांड्यांचे सांधे बदलले. आणि कमान व आस यांच्या मधे ज्या लोखंडी पाचरी असतात, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, त्या जुन्या फुटल्या होत्या म्हणून मिस्त्रीनं नव्या घडवून बसवल्या. मी तिथेच चहा पीत उभा होतो.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी सकाळी चाचणी झाली. मिस्त्रीची रीत म्हणजे तो गाडीत बसत नसे. रस्त्याच्या मधोमध पुढे जाऊन उकिडवा बसे आणि गाडी अंगावर येऊ दे म्हणे. समोरून येणारी चाकं पाहिल्याशिवाय त्याचं समाधान नाही. अण्णासाहेब नाक्यावर उभे, सात-आठ ड्रायव्हर उभे, मी उभा. गफूरभाईनं गाडी काढली.

थरथर गेली होती. पण गाडी सरळ येईना. ती डावीकडे जायची, गफूरभाई ओढून आणायचा, मग उजवीकडे जायची. वळवलेलं स्टेअरिंग आपण होऊन परत येतच नव्हतं. रस्ता नेमका कुठे आहे हे माहीत नसल्यासारखी गाडी आली आणि शेवटी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

मग अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, पुढचं सगळं नवं केलं ना? मग आता दोष कोणाचा राहिला ते सांगा."

गफूरभाई खाली उतरला आणि आपल्या हातांकडे पाहत उभा राहिला. त्याचं तोंड पाहून मला कळलं की यानं मनातल्या मनात नारळ देऊन टाकला.

मिस्त्री गाडीभोवती फिरला. चाकं हलवून पाहिली, पक्की होती. मग तो कमानीपाशी वाकला आणि तसाच राहिला. मी जवळ होतो, म्हणून त्याचं तोंड मला दिसलं. ते एकदम उतरलं. त्याला जे दिसलं ते त्या गर्दीत दुसऱ्या कोणालाही दिसणं शक्य नव्हतं. तो गप्प राहिला असता तर त्याच्या नावाला डाग लागला नसता. गुपचूप संध्याकाळी दुरुस्त करता आलं असतं. पण तोवर अण्णासाहेबांनी गफूरभाईला सर्वांदेखत घरी पाठवलं असतं.

तो उठला, हात पुसले आणि नाक्याला ऐकू जाईल असं बोलला.

"अण्णासाहेब, त्याचा हात बरोबर हाये. चूक माही हाये. म्या पाचर उलटी बसोली."

बैलगाडीत पाचर नेहमी पुढून ठोकतात, म्हणजे जाड बाजू पुढे राहते. तीन पिढ्यांचा हात. नव्या पाचरी बसवताना तो हात सवयीनं चालला आणि जाड बाजू पुढे आली. ट्रकला ती मागे हवी. सायकलचा चिमटा जसा किंचित तिरपा असतो तसा ट्रकचा तो उभा खिळा वरून मागे कललेला असावा लागतो, तेव्हाच चाकं आपण होऊन सरळ होतात. पाचर उलटी बसल्यानं तो पुढे कलला होता. आणि सायकलचा चिमटा तिरपा का, हे मी त्याच आठवड्यात नववीच्या वर्गाला आकृती काढून शिकवलं होतं. समोर पाचर बसत असताना मी चहात बिस्कीट बुडवत होतो. मिस्त्रीची मान खाली गेली ती एकदा, माझी अजून जाते.

ड्रायव्हरांपैकी एकानं खवचटपणे विचारलं, का हो मिस्त्री, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चुकले का? मिस्त्री म्हणाला, चूक पहिल्यांदा चार लोकांना दिसली म्हणा. अण्णासाहेब, दसऱ्याला अजून तीन दिवस आहेत असं म्हणून निघून गेले.

मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी पाचरी काढून सुलट बसवल्या, पण त्या दिवसापासून नाक्यावर त्याचं नावच "उलटी पाचर" पडलं. पोरंसुद्धा ओरडायची. दोन ट्रकवाल्यांनी गाड्या दुसरीकडे नेल्या. मिस्त्री चिडला नाही. कोणी हटकलं की म्हणायचा, हो बावा, आता दोनदा पाहतो. अनसूयाबाईनं मात्र एका पोराला घण घेऊन पिटाळलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. गफूरभाई स्टेअरिंगवर, शेजारी अण्णासाहेब, दाराशी मी, मागे मिस्त्री. परतवाडा आलं, गेलं, आणि घाट सुरू झाला. मिस्त्री अर्ध्या घाटात एका वळणाखाली उतरला. आम्ही वर जाऊन गाडी फिरवली.

उतार लागला तेव्हा अण्णासाहेबांनी एका हातानं पुढची पट्टी धरली आणि दुसऱ्या हातानं माझा गुडघा. पहिलं वळण. गफूरभाईनं स्टेअरिंग वळवलं, वळण संपत आलं आणि त्यानं मुठी नुसत्या सैल केल्या. स्टेअरिंग त्याच्या तळव्यांतून सरकत, फिरत आपण होऊन सरळ झालं. दुसरं वळण, तेच. एका बाजूला दरी, साग पिवळा पडायला लागलेला, आणि गाडी रुळावर असल्यासारखी उतरत होती. तिसऱ्या वळणाला अण्णासाहेबांचा हात पट्टीवरून सुटला. चौथ्याला माझा गुडघा मोकळा झाला.

"हे आपोआप येतं?" त्यांनी विचारलं.

"येते ना शेठ," गफूरभाई म्हणाला. "पंधरा सालात मले माहीतच नव्हतं, येत असते म्हणून."

पुढच्या वळणाला रस्त्याच्या मधोमध मिस्त्री उकिडवा बसलेला. गफूरभाईनं हॉर्न दिला. तो हलेना. चाकांवरची नजर त्यानं काढली नाही. गाडी त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. मिस्त्री उठला, त्यानं चाकाला हात लावून पाहिलं आणि आम्हाला विचारलं की इथे कुठे चहा मिळतो का. मी खाली उतरलो आणि काय करावं ते न सुचून त्याला मिठी मारली. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचे दोन पंजे उमटले. इतका निखळ आनंद मला माझ्या बी.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी नारळ गफूरभाईच्या हातात दिला. एका घावात दोन भकलं झाली. मिस्त्री तिथे नव्हता, त्याच्याकडे दुसरा ट्रक आला होता.

त्यानंतर पाच वर्षं गेली. वडील थकले होते, मला अकोल्याला नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रंक बांधून मी मिस्त्रीचा निरोप घ्यायला समोर गेलो. पत्र्याखाली गफूरभाईची गाडी होती. हँडल पुन्हा थरथरून राहिलं, असं तो सांगत होता.

मिस्त्रीनं गाडी उचलली. चाक वर-खाली हलवलं. खिळे पाहिले, बुश पाहिले, एकेक सांधा हातानं दाबला, कमानीचे बोल्ट पाहिले. अनसूयाबाई पहारीनं आस रेटत होती. मग मीही चाक धरून हलवलं, ते केसभरसुद्धा हललं नाही. तोवर मला या कामातलं एवढं कळत होतं. मी हात काढून घेतला आणि गफूरभाईकडे पाहायचं टाळलं.

मिस्त्री परत खाली गेला. काम काहीच नव्हतं, तरी तो पुष्कळ वेळ तिथे पडून होता. अनसूयाबाईनं एकदा वाकून पाहिलं आणि ती आत निघून गेली. शेवटी तो बाहेर आला आणि गफूरभाईच्या समोर उभा राहिला.

"गफूरभाई, गाडी ठीक हाये."

हे वाक्य मी त्या पत्र्याखाली शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि ऐकणारा दर वेळी हसला होता.

"पक्कं पाहिलं?"

"दोनदा पाहिलं."

गफूरभाईनं मान हलवली. खांद्यावरच्या फडक्यानं दाढी पुसली. "दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तं मी भांडलो असतो," तो म्हणाला. मग सांगितलं की गाडी अण्णासाहेबांच्या वाड्यात लावून देतो आणि किल्ल्या त्यांच्या हातात ठेवतो.

मिस्त्री म्हणाला, मी येतो. गफूरभाईनं त्याच्यासाठी केबिनचं दार उघडलं. मिस्त्रीनं ते लोटून दिलं, पुढे गेला आणि डाव्या मडगार्डवर चढून बसला, चाकाच्या नेमका वर, पाय पुढे सोडून. चाकं पाहत जातो म्हणाला. बाजाराचा दिवस होता, रस्ता बंड्यांनी आणि माणसांनी भरलेला. गफूरभाई स्टेअरिंगवर हात ठेवून क्षणभर तसाच बसला. त्याचे हात कापताना मला खालून दिसत होते. मग त्यानं गाडी काढली.

मी नाक्यावर उभा राहून पाहिलं. गर्दीतून गाडी सावकाश, सरळ जात होती. मिस्त्री चाकाकडे एकदाही वाकला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो समोर बघत बसला होता.